मच्छिंद्राच्या खळ्यातली ओळ

तिसगावच्या बाजाराहून परतताना मच्छिंद्राला कुणी "गाडीत बसा" म्हटलं आणि तो नाही म्हणाला, की दुसऱ्यांदा विचारण्यात अर्थ नसे. एकदा तोंडातून नाही गेलं की दोन कोस पायी चालेल, पण बसणार नाही. घरात याला हट्ट म्हणत, गावात खोड म्हणत, आणि त्याचे वडील रंगनाथआबा म्हणत, "आमच्या मच्छिंद्राचं डोस्कं म्हंजी उंबऱ्याचं लाकूड. झिजंल, पन वाकायचं न्हाई." हे बोलताना आबांच्या आवाजात तक्रार किती आणि कौतुक किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मच्छिंद्र चौथीपर्यंत शिकला होता. त्या काळी चौथीच्या पोरांकडून तिसापर्यंत पाढे घोटून घेत, वर पावकी, निमकी आणि औटकी. मच्छिंद्राला ते सगळं झोपेतून उठवलं तरी येई. निकाल लागल्यावर मास्तर स्वतः वस्तीवर आले आणि पोराला पुढं शिकवा म्हणाले. आबांनी त्यांना गूळपाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी पोराच्या हातात बैलांचा कासरा दिला. याबद्दल मच्छिंद्र पुढं कधी एक शब्द बोलला नाही. बोलला नाही म्हणजे त्याला काही वाटलं नाही, असं मात्र कुणी समजू नये. पुढं जवळच हायस्कूल निघालं तेव्हा तो दोन लेकरांचा बाप झाला होता. बाजाराच्या वाटेवर खिडकीतून अकरावीच्या वर्गाचा फळा दिसे. फळ्यावर इतिहास असला की मच्छिंद्र सरळ पुढं जाई. गणित असलं की त्याच्या चपलेत हमखास खडा शिरे आणि तो काढायला त्याला बराच वेळ लागे.

बाहत्तर साली पाऊस गेला आणि सगळी वस्ती दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली. अठरा एकरांचा धनी असलेला मच्छिंद्रही हातोडी घेऊन बसला. दुपारी भाकरी खाऊन लोक झाडाखाली आडवे होत. याला दुपारी झोप येत नसे. तो आपला खडे मांडत बसे.

त्याचा एक जुना छंद होता. बारा पेंढ्या असल्या तर तीनच्या चार रांगा लागतात, सहाच्या दोन लागतात. तेरा पेंढ्या मात्र कशाही लावा, सारख्या रांगा होत नाहीत, एक तरी पेंढी बाहेर राहतेच. अशा आकड्यांना तो एकांडे म्हणायचा. सात एकांडा, अकरा एकांडा, एकोणीस एकांडा. दहा काही एकांडा नव्हे, त्याच्या पाच-पाचच्या दोन रांगा होतात. पाढ्यात सापडला तो आकडा घरंदाज, कुठल्याच पाढ्यात न सापडला तो एकांडा, असा त्याचा सरळ हिशोब.

तर दुपारच्या सुट्टीत तो मधोमध एक खडा ठेवी आणि त्याच्याभोवती फिरत फिरत पुढचे खडे मांडी. खळ्यात बैल मधल्या खांबाला, तिवड्याला, बांधलेले असतात, ते जसे फिरतात तसं. एकाच्या उजवीकडे दोन, त्याच्या वर तीन, मग डावीकडे वळून चार आणि पाच, मग खाली सहा आणि सात, असा चौकोनी वेढा वाढत जाई. चाळीस खडे झाले की सुट्टी संपे. रोज चाळीस. चाळीस शेरांचा मण, तसा हा त्याचा दगडांचा मण. मांडता मांडता त्याच्या ध्यानात आलं की एक, नऊ आणि पंचवीस हे एका तिरक्या ओळीत येतात, चार, सोळा आणि छत्तीस दुसऱ्या बाजूच्या तिरक्या ओळीत येतात, आणि एकांडे आकडेही जिथं तिथं तिरके बसू बघतात. चाळिसात काही धड दिसेना. मोठी जागा हवी होती.

मोठी जागा घरीच होती. दोन हंगाम खळ्यात दाणा आला नव्हता. तिवडाही उपटून ठेवलेला. मच्छिंद्रानं नाल्यातून पाट्या भरभरून खडे आणले. एकांड्यांसाठी पांढऱ्या गारगोट्या, बाकीच्यांसाठी काळे खडे. आणि इथं त्यानं एक चूक केली, जी आयुष्यभर धान्य मोजलेला माणूसच करील. धान्य मोजताना एक मण भरला की त्याची खूण बाजूला ठेवतात आणि पुढं मोजतात. मोजलेला मण कुणी पुन्हा मोजत नाही. मच्छिंद्राचे पहिले चाळीस तर कामावर मांडून झाले होते. त्यानं चाळीस खडे खळ्याच्या कडेला ढिगानं ठेवले, झाला मण, आणि तिवड्याच्या खड्ड्यावर पहिलाच आकडा ठेवला एक्केचाळीस.

शिकलेल्या माणसानं एकापासून सुरुवात केली असती आणि त्याला पुढचं काही दिसलं नसतं.

रोज पहाटे कामावर जाण्याआधी तास-दीड तास मच्छिंद्र खडे मांडी. दोन खड्यांत एक वीत अंतर. एक्केचाळीस पांढरा. त्रेचाळीस पांढरा, तो एका कोपऱ्यात. सत्तेचाळीस पांढरा, तो समोरच्या कोपऱ्यात. त्रेपन्न पुन्हा पहिल्या अंगाला, एकसष्ट दुसऱ्या अंगाला. पंधराएक दिवसांनी एका सकाळी तो उठून उभा राहिला आणि त्याला दिसलं, की बाभळीकडच्या कोपऱ्यापासून विहिरीकडच्या कोपऱ्यापर्यंत पांढऱ्या खड्यांची एक सरळ तिरकी ओळ गेली आहे आणि तिच्यात एकही काळा खडा नाही. त्यानं बायकोला हाक मारली.

लंकाबाई पदराला हात पुसत आली. तिनं बघितलं. "सरळ हाय," ती म्हणाली. "दगडाऐवजी मेथी लावली असती तर भाजी तरी झाली असती."

पण दुसऱ्या दिवसापासून खळ्याकडं कोंबड्या फिरकल्या की तीच दगड भिरकावू लागली.

हायस्कुलातले गणिताचे राधाकृष्ण सर रोज याच रस्त्यानं सायकलवरून जात. तरुण माणूस, नगरला शिकलेला, कपड्यांची इस्त्री दुष्काळातही न मोडलेला. एके दिवशी त्यांनी सायकल थांबवली आणि मच्छिंद्रानं त्यांना ओळ दाखवली. सर खाली बसले आणि उठायचं विसरले. या आकड्यांना मूळ संख्या म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मच्छिंद्रानं मान डोलावली आणि पुढंही एकांडेच म्हणत राहिला.

"पण भाऊ, एक सांगतो," सर म्हणाले. "अशी ओळ कधी ना कधी तुटतेच. ते सिद्ध झालेलं आहे."

"कुटं तुटती?"

"ते बघावं लागेल. पण तुटते."

"माज्या खळ्यात न्हाई तुटनार," मच्छिंद्र म्हणाला. त्यानं तोवर निम्मं खळंसुद्धा मांडलेलं नव्हतं.

ही गोष्ट तिथंच मिटली असती. पण संध्याकाळी पारावर दहा माणसं बसलेली, सरही चहाला थांबलेले, आणि कुणीतरी खवचटपणे म्हणालं की चौथी पास माणूस आता मास्तरला शिकवणार. झालं. मच्छिंद्र उठून उभा राहिला. "बाभळीपासनं हिरीपर्यंत, खळ्याच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत, ओळीत एक बी आकडा फुटला तर मिशी उतरवीन!"

बाप जिवंत असताना आमच्याकडं कुणी मिशीला वस्तरा लावत नाही. मिशी उतरते ती बापाला अग्नी दिल्यावर. आणि रंगनाथआबा त्याच पारावर, चार हातांवर तंबाखू मळत बसले होते. त्यांचा अंगठा थांबला.

सरांना एवढं मोठं प्रकरण अपेक्षित नव्हतं. पण तेही मागं हटले नाहीत. "ओळ टिकली," ते म्हणाले, "तर माझ्या अकरावीच्या वर्गात माझ्या खुर्चीवर तुम्हाला बसवीन. तुम्ही शिकवायचं, मी ऐकेन."

खिडकीतून फळा बघत पंधरा वर्षं चपला झटकणाऱ्या माणसाला हे सांगायला नको होतं. त्या दिवसापासून मच्छिंद्र वेगळाच झाला. दिवसभर हातोडी चाले आणि ओठांवर पाढे चालत. आकडा मोठा होत गेला तसं तपासणं अवघड होऊ लागलं. चौदाशे सत्तेचाळीस एकांडा आहे हे ठरवायला त्याच्यावर एकेक पाढा चालवून बघावा लागे. तिसापर्यंतचे पाढे तोंडात होते. ते अपुरे पडतील म्हणून त्यानं एकतीस, बत्तीस करत चाळिसापर्यंतचे पाढे स्वतः तयार केले आणि पाठ केले. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस खडी फोडता फोडता सदतिसाचा पाढा घोकतो, हे बघून बायका तोंडाला पदर लावत. चाळिसाचा झाला तेव्हा तो थांबला. मण भरला होता.

मे महिन्यात धनगरांची दीडशे मेंढरं खळ्यावरून गेली. कामावरून येऊन मच्छिंद्रानं बघितलं तर नुसती रास. धनगर बिचारा हात जोडून उभा. मच्छिंद्रानं त्याला पाणी दिलं, खाली बसला आणि तिवड्याच्या खड्ड्यावर पुन्हा एक्केचाळीस ठेवला. जूनमध्ये पावसानं खडे चिखलात रुतवले, तेव्हा चिखल सुकल्यावर तिसऱ्यांदा. त्या वर्षी बाजरी चांगली आली. औत, पेरणी, खुरपणी सगळं पार पाडून भाद्रपदात मच्छिंद्राचा चौकोन खळ्याच्या चारी कडांना टेकला. ओळीतला शेवटचा पांढरा खडा विहिरीच्या कोपऱ्यात बसला, सोळाशे एक्क्याऐंशी. ओळ अखंड होती.

राधाकृष्ण सर रविवारी वही घेऊन आले. त्यांनी बाभळीच्या टोकाचा सोळाशे एक अर्धा तास तपासला. पंधराशे तेवीस तपासला. अधलेमधले आठ-दहा तपासले. एकही फुटेना. ऊन चढलं, सरांच्या सदऱ्याची इस्त्री गेली. विहिरीच्या कोपऱ्याशी येऊन त्यांनी विचारलं, "आणि हा?"

"चाळीसपर्यंत समदे पाढे चालवले," मच्छिंद्र म्हणाला. "कशातच सापडत न्हाई."

सरांनी सातानं भागून बघितलं, तेरानं बघितलं, सतरानं बघितलं, आणि वही मिटली. "हरलो भाऊ. दसऱ्यानंतरच्या सोमवारी या. खुर्ची तुमची."

मच्छिंद्रानं त्या रात्री दोनदा जेवण मागून घेतलं. गावात पेढे वाटायचं तेवढं बाकी राहिलं. पारावर खवचटपणे बोलणाऱ्यानं स्वतःहून पानाचा डबा पुढं केला. लंकाबाईनं त्याचं एकुलतं धड धोतर नीळ घालून धुतलं. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला उगीचच बसवून घेऊ लागले.

सोमवार दोन दिवसांवर आला आणि बाजरीची कणसं खुडून झाली. खळं रिकामं करणं भाग होतं. नवरा-बायको पाट्या घेऊन खडे उचलायला बसले. हात सवयीनं मोजत होते. चाळीस खडे पाटीत, की मातीत खुणेची एक रेघ. रांग संपली तेव्हा मच्छिंद्राच्या हातात एक खडा उरला. दुसरी रांग. चाळीस आणि एक. तिसरी रांग, चाळीस आणि एक.

तो उठला. उरलेल्या रांगांच्या कडेकडेनं चालत त्यानं रांगा मोजल्या. उचललेल्या धरून एक्केचाळीस.

एक्केचाळीस रांगा, दर रांगेत एक्केचाळीस खडे. त्यानं मनात गुणाकार केला. चाळीस चाळिशी सोळाशे, दोनदा चाळीस ऐंशी, वर एक. सोळाशे एक्क्याऐंशी. त्याची नजर विहिरीच्या कोपऱ्याकडं गेली. सोळाशे एक्क्याऐंशी कुठल्याच सारख्या रांगांत बसत नाही म्हणून ज्यानं तिथं पांढरा खडा ठेवला, त्याच्याच पुढ्यात तेवढे खडे महिनाभर सारख्या रांगांत बसलेले होते. चाळीसपर्यंत पाढे केले आणि थांबला. एक्केचाळिसाचा केलाच नाही. त्याला स्वतःचा असा राग आला की हातातला खडा त्यानं विहिरीत भिरकावला.

लंकाबाईला सगळं समजून घ्यायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिनं आधी आजूबाजूला बघितलं.

"सरांनी हार मानली न्हवं?"

"मानली."

"मंग आता कोन मोजाया येतंय? उचला खडं. सांजच्याला इथं बाजरी पडंल, कुनाला काय दिसनार हाय?" मच्छिंद्र विहिरीकडंच बघत होता. तिचा आवाज चढला. "अवो, मामंजी जित्ते हायेत! घरावर काय इघ्न आनायचं हाय का?"

तिचं चूक नव्हतं. सासरा ऐंशीच्या घरात होता, आणि अपशकुनाची भीती तिला खरीच वाटत होती. मच्छिंद्रानं खाली मान घालून सगळे खडे उचलले, चाळीस चाळीस मोजून. खळं झाडून स्वच्छ केलं. मग टोपी घातली आणि भीमा न्हाव्याकडं गेला.

भीमानं ऐकून घेतलं आणि वस्तरा धोकटीत ठेवला. "आबांचं उठनं-बसनं माज्या डोळ्याम्होरं हाय. त्ये असताना मी या मिशीला हात लावनार न्हाई. तू दुसऱ्या गावाला जा, न्हाईतर सोता कर."

"गावात बोललो, गावात करायची," मच्छिंद्र म्हणाला आणि तिथंच दगडावर बसून राहिला. एक तास झाला. दोन गिऱ्हाइकं होऊन गेली. भीमा त्याच्याकडं बघत नव्हता, हा हलत नव्हता.

ही बातमी घरी पोचायला कितीसा वेळ लागणार? थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. फेटा बांधून, उपरणं घेऊन, सोयऱ्याधायऱ्यांच्या कार्याला निघाल्यासारखे रंगनाथआबा स्वतः चालत आले. त्यांनी लेकाकडं बघितलं. "आकडा फुटला?"

"फुटला, आबा."

"पारावर समद्यांफुडं बोलला हुतास."

"व्हय."

आबा लेकाच्या समोरच्या दगडावर बसले आणि काठी आपटून न्हाव्याला म्हणाले, "ह्ये बग भीमा, मी जित्ता हाय. समद्यांनी बगा. कर सुरू."

भीमानं साबण लावला. वस्तरा ओठावर टेकला आणि मच्छिंद्राला हलता येईना, बोलता येईना. आबांनी नेमकी हीच वेळ निवडली. जमिनीकडं बघत ते म्हणाले, "तुला साळंतनं काढला. मास्तर घरला आल्ता, तरी काढला. माजं चुकलं, मच्छिंद्रा."

मच्छिंद्राच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि साबणात मिसळलं. भीमानं ते बघितलं आणि वस्तरा पुसला. अडतीस वर्षं थांबलेलं बोलणं होतं ते.

सोमवारी निळीचं धोतर नेसून मच्छिंद्र अकरावीच्या वर्गात शिरला. पोरं-पोरी हसत उठली आणि त्याच्या तोंडाकडं बघून एकदम चिडीचूप झाली. पुढच्या बाकावरच्या मुलींनी माना खाली घातल्या. राधाकृष्ण सर घाईनं पुढं आले, आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, आबा... कधी?"

"आबा ठनठनीत हायेत. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या," मच्छिंद्र म्हणाला. "ओळ तुटली, सर."

सरांनी खुर्चीकडं हात केला.

"खुर्ची जिंकनाऱ्याची हुती. ती ऱ्हाऊ द्या. खडू द्या."

त्यानं खडू इतका दाबून धरला की पहिल्याच आकड्याला तो मोडला. उरलेल्या तुकड्यानं त्यानं १६८१ लिहिलं आणि खाली ४१ × ४१. सर फळ्याकडं बघत राहिले. त्यांनी मनातल्या मनात गुणून बघितलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हा आकडा मी नीट तपासलाच नव्हता," ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "उन्हाचा कंटाळा आला आणि तुमच्या शब्दावर सोडून दिला. तुम्ही बोलला नसता तर कुणालाही कळलं नसतं."

"मला कळलं हुतं न्हवं."

मग सर फळ्यापासून निघाले, पुढच्या बाकावर जागा करून पोरांच्या शेजारी बसले आणि त्यांनी वही उघडली. "पहिल्यापासून सांगा, भाऊ."

मच्छिंद्रानं आपल्या उघड्या ओठावरून एकदा हात फिरवला, पोरांकडं बघितलं आणि फळा पुसून मधोमध एक्केचाळीस लिहिला.